झील न धरता येणारं गाणं

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये कम्युनिस्ट किती शिरले आहेत, हे शोधायला राज्याच्या विधिमंडळाने १९४० मध्ये एक समिती नेमली. तिच्यापुढे ब्राँक्समधल्या डी-विट क्लिंटन हायस्कूलचे इंग्रजीचे शिक्षक एबल मीरोपोल यांनाही बोलावणं आलं. त्यांना विचारलेला एक प्रश्न असा होता: हे गाणं लिहिण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने तुम्हाला पैसे दिले का? मीरोपोल म्हणाले, नाही. शिक्षकाला त्याच्या राजकारणाबद्दल विचारलं, हे त्या काळाला धरूनच झालं. पण समितीने बारा ओळींच्या एका गाण्याचा हिशेब मागावा, असं त्यात काय होतं?

गाण्याचं नाव ‘स्ट्रेंज फ्रूट’. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधलं एक झाड आणि त्याला लागलेलं एक विचित्र फळ, एवढाच त्याचा विषय. ते फळ म्हणजे जमावाने फास लावून लटकवलेल्या कृष्णवर्णीय माणसाचं प्रेत. गाण्यात घोषणा नाही, मागणी नाही, कुणाला दिलेला शाप नाही. फुलांचा दरवळ, मोकळी हवा आणि अदबशीर माणसं असं दक्षिणेचं जे चित्र तेव्हा कथा-चित्रपटांतून रंगवलं जायचं, त्याच चित्रात मीरोपोल यांनी ते प्रेत आणून ठेवलं. ‘गॉन विथ द विंड’ हा त्या गोड दक्षिणेचा सर्वांत गाजलेला चित्रपट १९३९ च्या डिसेंबरमध्ये झळकला. ‘स्ट्रेंज फ्रूट’ची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीच्या एप्रिलमधली.

निषेधाचं गाणं बहुधा समूहाचं असतं. पुढच्याने ओळ घ्यायची, मागच्यांनी झील धरायची. गाता गाता भीती ओसरते आणि आपण एकटे नाही हे कळतं. ‘स्ट्रेंज फ्रूट’ला झील धरता येत नाही. त्याला ध्रुवपद नाही, शेवटी उजाडण्याची आशा नाही, टाळी द्यावी असा ठेका नाही. एकाने गायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, अशीच त्याची घडण आहे. म्हणूनच ते दुसऱ्या गळ्यात गेलं की सूर लागला का, एवढ्यावर भागत नाही. गाणारा कोण, कुणापुढे उभा आहे आणि त्या झाडाकडे कुठून बघतो आहे, हे सगळं उघडं पडतं. आठ दशकांहून अधिक काळ जॅझ, फोक, रेगे, रॉक आणि हिप-हॉपमधल्या कलावंतांनी या गाण्याला हात घातला. त्यांतल्या काही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या, की गाणंही अधिक कळतं आणि कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाणं, या प्रकाराबद्दलही बरंच कळतं.

फोटोतली गर्दी

जमावाने कायदा हातात घेऊन माणूस मारायचा, या प्रकाराला अमेरिकेत लिंचिंग म्हणतात. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात तिथे ४,७४३ माणसं अशी मारली गेली; त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होती. मारेकऱ्यांना शिक्षा होणं दुर्मीळ होतं. हे काम अंधारात तोंड लपवूनच व्हायचं असंही नाही. अनेकदा गावं लोटायची, फोटो काढले जायचे आणि ते पोस्टकार्डासारखे विकले जायचे. लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारं विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण दक्षिणेच्या सिनेटरांनी ते सिनेटमध्ये रोखून धरलं. १९३० च्या दशकात पुन्हा प्रयत्न झाले आणि तेही असेच मेले.

७ ऑगस्ट १९३० च्या रात्री इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी जमावाने तुरुंग फोडून थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या दोन तरुणांना बाहेर काढलं आणि झाडाला लटकवलं. त्यांच्याबरोबरचा सोळा वर्षांचा जेम्स कॅमेरन वाचला; पुढे त्याने मिलवॉकीत कृष्णवर्णीयांवरच्या अत्याचारांचं संग्रहालय उभारलं. लॉरेन्स बाइटलर या स्थानिक छायाचित्रकाराने त्या रात्री घेतलेल्या फोटोच्या हजारो प्रती खपल्या. मीरोपोल यांना अस्वस्थ करणारा फोटो हाच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. इंडियाना दक्षिणेत मोडत नाही, ही त्यातली टोचणारी गोष्ट.

त्या फोटोत प्रेतांइतकीच नजर खिळते ती खालच्या गर्दीवर. नटूनथटून आलेले स्त्री-पुरुष कॅमेऱ्याकडे बघताहेत, एक जण बोटाने वर दाखवतो आहे, काहींच्या चेहऱ्यावर हसू आहे. मीरोपोल यांनी कविता लिहिताना नेमकी ही गर्दी गाळली. गाण्यात झाड आहे, प्रेत आहे, कावळे, वारा, पाऊस, ऊन आहे. बघणारं मात्र कुणीच नाही. त्यामुळे फोटोत गर्दी जिथे उभी होती ती जागा रिकामी राहते, आणि गाणं सुरू झालं की ऐकणारा आपोआप तिथे जाऊन उभा राहतो. या गाण्याला झील का धरता येत नाही, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. झील धरायला गर्दी लागते, आणि इथली गर्दी गुन्ह्यात सामील आहे.

ही कविता ‘बिटर फ्रूट’ या नावाने जानेवारी १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या ‘द न्यूयॉर्क टीचर’ या नियतकालिकात आली. मीरोपोल लुइस ॲलन या टोपणनावाने गीतं लिहीत. जन्मतःच दगावलेल्या आपल्या दोन मुलांची ती नावं. चालही त्यांनी स्वतःच बांधली. त्यांची पत्नी ॲन आणि कृष्णवर्णीय गायिका लॉरा डंकन यांनी हे गाणं डाव्या चळवळीच्या कार्यक्रमांत गायलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत नेलं. म्हणजे जगाला जी ‘मूळ’ आवृत्ती वाटते ती बिली हॉलिडेची ध्वनिमुद्रिका, काटेकोर बोलायचं तर, आधीपासून गायल्या जाणाऱ्या गाण्याचं कव्हरच होती.

कॅफे सोसायटीचे नियम

१९३८ च्या अखेरीस बार्नी जोसेफसन या एकेकाळच्या बूटविक्रेत्याने ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘कॅफे सोसायटी’ उघडलं. गोरे आणि काळे प्रेक्षक एकत्र बसू शकतील असे नाइट क्लब तेव्हा न्यूयॉर्कमध्येही विरळाच होते. मीरोपोल यांनी तिथे जोसेफसन आणि बिली हॉलिडे यांना गाणं ऐकवलं. हॉलिडे तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचे वडील क्लेरेन्स हे गिटारवादक. १९३७ मध्ये टेक्ससमध्ये न्यूमोनियाने गेले; काळे म्हणून त्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असं ती सांगे. हे गाणं गाताना त्यांची आठवण येते, असंही तिने म्हटलं आहे.

हे गाणं कसं सादर व्हायचं याचे नियम जोसेफसन यांनी ठरवले. ते कार्यक्रमाच्या शेवटीच येणार. त्या वेळात वेटरांनी हालचाल करायची नाही, पेय द्यायचं नाही, गल्ला बंद. सगळे दिवे मालवायचे, फक्त हॉलिडेच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की पूर्ण अंधार आणि ती निघून गेलेली; कितीही टाळ्या पडल्या तरी ती परत येणार नाही. नाइट क्लबमध्ये ऐकणाऱ्याला गाण्यापासून पळायच्या अनेक वाटा असतात: ग्लास उचलावा, शेजाऱ्याशी बोलावं, वेटरला हाक मारावी. जोसेफसन यांनी त्या सगळ्या बुजवल्या.

ध्वनिमुद्रणाची वाट सोपी नव्हती. हॉलिडे कोलंबिया कंपनीशी करारबद्ध होती आणि दक्षिणेतल्या दुकानदारांचा रोष ओढवेल म्हणून कोलंबियाला हे गाणं नको होतं. मग तिने मिल्ट गेबलर यांना गाठलं. त्यांचं न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावर रेकॉर्डचं दुकान होतं आणि ‘कमोडोर’ नावाची छोटी कंपनीही. कोलंबियाने एका सत्रापुरती तिला मोकळीक दिली आणि २० एप्रिल १९३९ रोजी गाणं मुद्रित झालं. बारा ओळींचं गाणं फारच लहान पडेल अशी गेबलर यांना धास्ती होती, म्हणून पियानोवादक सनी व्हाइट यांनी सुरुवातीचा तुकडा बांधला. व्यापारी गरजेतून आलेला हा तुकडा गाण्याच्या कामी आला. तीन मिनिटांच्या मुद्रिकेत मिनिटभराहून अधिक वेळ ट्रम्पेट आणि पियानोच वाजतात, तोवर ऐकणारा जागच्या जागी बांधला जातो. मग हॉलिडेचा आवाज येतो: संथ, कोरडा, शब्द ठेवून द्यावेत तसा. ती रडत नाही आणि रडवायलाही बघत नाही. जे दिसतं आहे ते सांगते.

‘टाइम’ साप्ताहिकाने १९३९ मध्ये या मुद्रिकेची दखल घेताना तिला प्रचारगीताच्या खात्यात टाकलं होतं. त्याच ‘टाइम’ने १९९९ मध्ये तिला शतकातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहातही तिची निवड झाली.

हॉलिडेने गाणं इतकं आपलंसं केलं, की १९५६ च्या ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या आत्मचरित्रात त्याची चाल आपण आणि आपल्या साथीदारांनी बसवली, असा दावा तिच्या नावावर छापला गेला. मीरोपोल यांनी त्याला हरकत घेतली. दावा खोटा होता, पण तो लोकांना खरा वाटला, यातच कव्हरची ताकद दिसते: चांगला गायक गीतकाराला झाकून टाकतो. मीरोपोल यांच्याकडे सांगण्यासारखं आणखी बरंच होतं. हेरगिरीच्या आरोपावरून १९५३ मध्ये मृत्युदंड दिलेल्या रोझेनबर्ग दांपत्याच्या दोन्ही मुलांना ॲन आणि एबल मीरोपोल यांनीच दत्तक घेतलं.

हॉलिडेने स्वतःच्या गाण्यालाही पुन्हा पुन्हा नव्याने तोंड दिलं. फेब्रुवारी १९५९ मध्ये लंडनच्या ‘चेल्सी ॲट नाइन’ या टीव्ही कार्यक्रमात तिने मॅल वॉल्ड्रन यांच्या पियानोवर ते गायलं, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. मधल्या वीस वर्षांत अमली पदार्थांचं व्यसन, १९४७ मधली अटक, तुरुंगवास आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा परवाना हिरावला जाणं, हे सगळं येऊन गेलं होतं. आवाज खरखरीत झाला आहे, शब्द ओढत येतात. १९३९ मध्ये ती साक्षीदार वाटते. १९५९ मध्ये त्या हिंसेची झळ तिच्या शरीरापर्यंत आलेली वाटते. १७ जुलै १९५९ ला ती गेली.

दुसऱ्यांच्या गळ्यात

एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं कुणीही पुन्हा मुद्रित करू शकतो, ठरावीक मानधन गीतकाराला दिलं की झालं: अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यातली ही तरतूद. तेव्हाचा दर एका प्रतीमागे दोन सेंट होता. कव्हरचा सगळा व्यापार या तरतुदीवर उभा राहिला आणि त्याला वर्णभेदाची किनारही आली. १९५० च्या दशकात काळ्या गायकांची गाणी गोरे गायक गुळगुळीत करून गायचे आणि जास्त खपवायचे. लिटल रिचर्डच्या ‘टुटी फ्रूटी’पेक्षा पॅट बूनचं कव्हर लोकप्रियतेच्या यादीत वर गेलं, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ‘स्ट्रेंज फ्रूट’चा प्रवास उलट दिशेचा. गोऱ्या ज्यू शिक्षकाने लिहिलेलं गाणं काळ्या गायिकेचं झालं, आणि ते गुळगुळीत करणं तर जवळजवळ अशक्यच. तरी प्रत्येकाला आपली जागा शोधावी लागली.

कॅफे सोसायटीतच गाणारे फोक-ब्लूज गायक जॉश व्हाइट यांनी ते गिटारवर घेतलं. सोबत फक्त तारा असल्याने गाणं बैठकीत सांगितलेल्या बातमीसारखं जवळ येतं. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे १९५० मध्ये व्हाइट यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांनी कम्युनिस्टांपासून स्वतःला दूर केलं, पण या गाण्यापासून केलं नाही.

नीना सिमोनचं १९६५ मधलं ‘पॅस्टेल ब्लूज’ संग्रहातलं गायन हॉलिडेच्या तोडीचं मानलं जातं. सिमोन दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेली आणि शास्त्रशुद्ध पियानो शिकलेली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बाँबस्फोटात चार मुली मेल्या, तेव्हापासून तिच्या गाण्याला धार आली. १९६५ च्या मार्चमध्ये ती सेल्मा ते मॉन्टगोमेरी पदयात्रेतल्या लोकांसाठी गायली. हॉलिडेच्या मुद्रिकेत अनेक वाद्यांचा पडदा आहे. सिमोन तो काढून टाकते. पियानोचे जड, थांबत पडणारे स्वर आणि आवाज, एवढंच ठेवते. सुरुवातीला ती हॉलिडेइतकीच आवरलेली असते. शेवटाकडच्या एका शब्दावर मात्र ती सूर धरते, ताणते, वाकवते, आणि गाणं कुठे संपून आक्रोश कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. हॉलिडे ऐकणाऱ्याला झाडासमोर उभं करते. सिमोन तिथे उभ्या असलेल्याला जाब विचारते. १९३९ आणि १९६५ यांच्यामध्ये नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली होती, ती या दोन आवाजांतल्या अंतरात ऐकू येते.

अमेरिकेबाहेर गाणं गेलं तेव्हा वेगळे पेच आले. बर्मिंगहॅमच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या, यूबी४० या काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र बँडने १९८० मध्ये त्याला रेगेच्या लयीत बसवलं. लय आली की अंग डुलतं, आणि जोसेफसन यांनी बुजवलेली पळवाट पुन्हा उघडते. तरी वंशद्वेष हा समुद्रापलीकडचा प्रश्न नव्हे, हे सांगायला त्यांना तीच लय हाताशी होती. त्याच वर्षी रॉबर्ट वायट या इंग्रज गायकाने ते आपल्या बारीक, ठिसूळ आवाजात गायलं. कृष्णवर्णीय गायकासारखं वाटावं असा कसलाही प्रयत्न त्यात नाही, म्हणून ते प्रामाणिक वाटतं. स्यूक्सी अँड द बॅन्शीजने १९८७ मध्ये तंतुवाद्यांचा ताफा लावला आणि मध्येच न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेत वाजतो तसा बँड आणला. ज्यांना अंत्ययात्रा लाभली नाही त्यांची ती काढायची, ही कल्पना गाण्याच्या आतून आलेली आहे.

मिसिसिपीत जन्मलेल्या कॅसँड्रा विल्सनने १९९५ च्या ‘न्यू मून डॉटर’ची सुरुवातच या गाण्याने केली. तिचा खर्जातला आवाज घाई करत नाही. जिथे हे घडलं तिथली माती बोलते आहे असं वाटतं. होजे जेम्सने २०१५ मध्ये, हॉलिडेच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सगळी वाद्यं बाजूला ठेवली. त्याच्या स्वतःच्याच आवाजाचे अनेक थर आणि टाळ्यांचा ठेका, एवढ्यावर गाणं उभं आहे. दक्षिणेत साखळदंड बांधून राबवल्या जाणाऱ्या कैद्यांच्या श्रमगीतांची ती आठवण आहे. ज्या गाण्याला झील नाही त्याला झील मिळाली, पण ती एकाच माणसाची. गर्दी इथेही नाहीच.

कुठे निसटतं

ॲनी लेनॉक्सने २०१४ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ या जुन्या जॅझ गाण्यांच्या संग्रहात हे गाणं घेतलं. गायन देखणं आहे. पण एका टीव्ही मुलाखतीत गाण्याबद्दल बोलताना ती हिंसा आणि द्वेषाबद्दल सर्वसाधारणपणे बोलली, लिंचिंगचं नाव आलं नाही, आणि तिच्यावर टीका झाली. गाण्यात गर्दी गाळली आहे, पण झाड कुठलं आणि प्रेत कुणाचं हे गाळलेलं नाही. ते गाळलं की उरते ती सुंदर उदासी.

कान्ये वेस्टने २०१३ मध्ये ‘ब्लड ऑन द लीव्हज’मध्ये सिमोनच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडाच वापरला. कव्हर आणि सॅम्पल यांत फरक आहे: कव्हरमध्ये गाणं नव्याने गायलं जातं, सॅम्पलमध्ये दुसऱ्याचा मुद्रित आवाज उचलून आपल्या रचनेत बसवला जातो, आणि त्याला वेगळी परवानगी लागते. वेस्टच्या रचनेचा विषय मोडलेलं नातं, पैसा आणि प्रसिद्धी. लिंचिंगच्या गाण्याचा हा असा वापर अनेकांना हलका वाटला; काहींना मात्र सिमोनचा आवाज तिथे पार्श्वभूमीला टोचत राहतो आणि वरच्या आत्मकरुणेला खुजं ठरवतो असं वाटलं. मला पहिला आक्षेप जास्त पटतो. इथे आपण झाडासमोर उभे नसतो, एका श्रीमंत माणसाच्या तक्रारीसमोर असतो.

याउलट एका गायिकेने गाणं न गाताच त्याचं काम करून घेतलं. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीसाठी आपल्याला विचारणा झाल्याचं ब्रिटिश गायिका रेबेका फर्ग्युसन हिने सांगितलं आणि अट घातली: ‘स्ट्रेंज फ्रूट’ गाऊ देणार असाल तर येते. ती तिथे गायली नाही. नुसतं नाव घेतल्यावर गाण्याचा सगळा आशय समोरच्याला कळावा, अशी ही गाण्याची अवस्था झाली आहे.

लिंचिंगविरोधी विधेयक काँग्रेसमध्ये पहिल्यांदा जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी १९०० मध्ये मांडलं. लिंचिंगला केंद्रीय द्वेषगुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली ती २९ मार्च २०२२ रोजी, १९५५ मध्ये मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलच्या नावाने. म्हणजे हॉलिडे, सिमोन, विल्सन आणि जेम्स यांनी हे गाणं गायलं तेव्हा असा केंद्रीय कायदा देशात नव्हता.

ज्यांना ही गाणी ओळीने ऐकायची आहेत त्यांनी १९३९ ची हॉलिडे आधी ऐकावी, मग १९५९ ची, मग सिमोन, मग विल्सन आणि जेम्स. आवाज किती गोड, साथ किती कल्पक, हे बघू नये. त्या निकषावर लेनॉक्सही उत्तीर्ण होईल. ऐकताना आपण कुठे उभे आहोत एवढं बघावं. गायकाच्या शेजारी, त्याच्या दुःखात सहभागी होऊन हळहळायची मुभा मिळत असेल, तर ते कव्हर आपल्यावर फार मेहेरबान आहे. मीरोपोल यांनी ऐकणाऱ्यासाठी राखलेली जागा त्या मॅरियनच्या गर्दीची आहे, आणि चांगला गायक आपल्याला तिथून हलू देत नाही.